लाल गोलातला खांदा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, कपड्यांची मापं घेणारी. साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले आणि दुकानातल्या खोक्यातून मास्तरांनी मला निवडलं. मास्तर म्हणजे कोट-पँट शिवणारे माझे मालक. तेव्हापासून बावीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात आहे. जेवताना आणि भांडतानाही ते मला काढत नाहीत. त्यांनी आवंढा गिळला की तो सगळ्यात आधी मला कळतो.

"यांच्या मापात सूतभर फरक पडत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. टेपला मांस कुठलं, पण चढायचं. आता माझे पहिले चार आकडे पुसट झालेत. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अधूनमधून नवी टेप घ्यायला सांगतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

चार वर्षांपूर्वी मास्तर फोनवरच्या एका ग्रुपमध्ये गेले. एकशे चाळीस जण, सगळे शिवणकामावर पोट भरणारे. तिथली एक पद्धत होती. शिवलेल्या कपड्याचा फोटो टाकायचा आणि ज्याला चूक दिसेल त्याने त्यावर बोटाने लाल गोल काढून परत पाठवायचा. कुणी रागवायचं नाही. मास्तरांचे गोल तर नावाजलेले. नवशिके खास त्यांच्यासाठी फोटो टाकायचे.

गेल्या मंगळवारी फ्रॉकवाल्या ताईंचा फोटो आला. ताई शेजारच्या गावात लहान मुलांचे फ्रॉक शिवतात. फोटोत त्यांची सतरा वर्षांची लेक निळा ड्रेस घालून उभी होती. खाली लिहिलं होतं, "लेकीने आज घातला." एवढंच. मास्तर काज करत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि सवयीने बोट चालवलं. एक गोल खांद्यावर, एक कमरेवर, एक बाहीवर. "खांदा उतरलाय. कंबर चार इंच ढगळ. कुणाच्या मापाने शिवलात?"

ताईंनी लिहिलं, "माप बरोबर होतं."

इथे तरी थांबायचं. पण मास्तरांचा राग नाकाच्या शेंड्यावर. "फोटोत दिसतंय ते खोटं का? आधी टेप धरायला शिका." खरं सांगते, तेव्हा मीही फुशारले होते.

पाच मिनिटांत ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. बाकीचे मास्तरांवर तुटून पडले, तसे मास्तरही हट्टाला पेटले. शेवटी काकूंनी डोळे वटारले तेव्हा त्यांनी लिहिलं, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफी असावी." ती माफी वाचून लोक आणखीच भडकले.

संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. "मास्तर, ती पोरगी आजारी आहे. चार महिन्यांत चौदा किलो उतरली. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. ड्रेस आजाराच्या आधीचा. इतक्या दिवसांनी अंथरुणातून उठून तिने तो घातला, म्हणून ताईंनी फोटो टाकला होता."

मास्तरांचा आवंढा माझ्याखाली अडकला. मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघांनी मिळून एका आजारी पोरीच्या खांद्यावर लाल गोल काढला होता.

बुधवारपासून मास्तरांनी ताईंना किती फोन केले याची गणती नाही. ताईंनी एकही उचलला नाही. मास्तर मेसेज लिहायचे आणि खोडायचे. सुईत दोरा ओवता येईना.

"त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?" ते काकूंना म्हणाले. "तिच्या आईच्या डोळ्यांपुढे माझे गोलच राहतील गं."

"मग इथे बसून काय करताय? जा ना," काकू म्हणाल्या.

आज रविवार. सकाळच्या बसने आम्ही गेलो. ताईंनी दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही.

"ताई, मी कापड पाहिलं. पोरगी पाहिलीच नाही. चुकलो मी."

"तो ड्रेस तिला ढगळ व्हायला लागला तेव्हा मी दोनदा उसवून मोजला," ताई म्हणाल्या. "माझंच माप चुकलं असेल, असं वाटायला लागलं होतं. चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, मास्तर."

तेवढ्यात भिंतीला धरत लेक बाहेर आली.

"आई, त्यांना आत घे. उद्या दवाखान्यात मला तोच ड्रेस घालून जायचंय. नीट करून देतील."

मास्तरांनी मला गळ्यातून काढून तिच्या कमरेभोवती धरलं. एरवी ते दुकानभर ऐकू जाईल असा आकडा सांगतात. मी बावीस वर्षांत कधी खोटं माप दाखवलं नाही. आज मात्र वाटलं, आपण आकसावं, म्हणजे आकडा तरी मोठा दिसेल. टेपला तेवढंही करता येत नाही.

"एकवीस," मास्तर पुटपुटले.

"जादा कापड कापू नका हं," लेक म्हणाली. "आत दुमडून ठेवा. मला परत लागणार आहे."

ताईंनी तोंड फिरवलं. मास्तर मशीनवर बसले नाहीत. सहज उसवता येतील असे लांब टाके ते हाताने घालत बसलेत. ताईंनी त्यांना माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. पाण्याचा तांब्या तेवढा आणून ठेवलाय.

मित्रांनो, आम्हा टेपांना पिळू नका, गाठी मारू नका, असं सांगायला मी बोलू लागले होते. ते राहू द्या. फोनवर कुणी काही दाखवलं तर चूक शोधण्याआधी विचारा, कसे आहात. आणि उद्या सकाळी आठ वाजता त्या पोरीची आठवण काढा. मास्तरांनी घातलेले टाके लवकर उसवावे लागू देत, एवढंच मागते.