दोन नंबरचा ब्रश आणि फाटका पंख

मित्रांनो, मी दोन नंबरचा एक जुना ब्रश आहे आणि फुलपाखरांना पार कंटाळलो आहे. दिग्रसच्या दुकानात असताना वाटायचं, आपल्या हातून डोंगर, नद्या रंगतील. नशिबी आली आठवीतली अर्पिता! तीन वर्षं झाली, तिला फुलपाखरांशिवाय काही सुचत नाही. वर मला पाण्याच्या पेल्यात डोक्यावर उभं करून ही खेळायला पसार. माझे केस पिंजारले ते त्यामुळेच. पण "फुलपाखराच्या मिशा काढाव्या तर ह्याच ब्रशनं," असं ती मैत्रिणींना सांगते, मग राग फार वेळ धरवत नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं रुईच्या झाडाजवळ बसून एक नारिंगी फुलपाखरू काढलं. पक्ष्यानं चोच मारून त्याचा उजवा पंख फाडला होता. तो फाटका काठ रंगवायला आम्हाला दोन दिवस लागले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम.

चित्र द्यायच्या दिवशी अर्पिता आंघोळीला गेली आणि तिची आई, शीलाबाई, टेबलापाशी आल्या. त्यांची रांगोळी गल्लीत नावाजलेली. डावीकडे पाकळी काढली की उजवीकडे तश्शीच हवी!

"पोरीनं अर्धाच पंख ठेवला वाट्टे. थांब, मीच पुरा करून देतो," असं स्वतःशीच म्हणत शीलाबाईंनी मला उचललं.

मी किती ओरडलो! पण ब्रशचं ऐकतं कोण? दोन मिनिटांत पंख पुरा झाला. हात इतका सफाईदार की माझी आणखीच चिडचिड झाली.

अर्पिता आली आणि रडूच लागली. "आई, कायले हात लावला व? ते तसंच होतं ना!"

"मले वाटलं, लोकं हसतीन तुले." शीलाबाईंचा चेहरा उतरला.

अर्पितानं मला स्वच्छ पाण्यात बुडवलं. ओल्या टोकानं मी तो नवा रंग थोडा थोडा उचलला. कागद खरबरीत झाला, फिकट डाग राहिलाच.

प्रदर्शनात मी तिच्या कंपासपेटीत होतो. चित्रापुढे एक बाई थांबल्या. "हा पंख रंगवायचा राह्यला का?"

अर्पिता काही बोलायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या शीलाबाईच म्हणाल्या, "नाही. ते फाटकंच होतं. पोरीनं पाहून काढलं."

मित्रांनो, दुसऱ्याच्या चित्राला हात लावण्याआधी त्याला विचारत जा. विचारायला अर्धं मिनिट लागतं. रंग उचलण्यात आमची अख्खी सकाळ गेली.