मापापुरती

वीरसिंगने लिंक रॉडच्या तीन जोड्या बॉनेटवर मांडल्या आणि त्यातली सगळ्यांत लांब उचलली. "हीच बसवा, मिस्त्री."

अक्कलकुव्याचा पितांबर मिस्त्री हसला. "लांब म्हंजे मजबूत नही, भाऊ. जास्त लांब व्हयनी तरी दांडा वाकडा बसस."

डोंगरातले दगड जीपच्या पोटाला लागतात म्हणून वीरसिंगने दोन वर्षांपूर्वी गाडी दोन इंच उचलून घेतली होती. वळणावर गाडीला झुकू न देणारा खालचा आडवा दांडा मात्र जुन्याच आखूड लिंकांवर, त्याला चाकांशी जोडणाऱ्या सळ्यांवर, राहिला. त्या ताणून सारख्या तुटायच्या, म्हणून या पठ्ठ्याने दांडाच काढून टाकला. वर ऐट अशी की, माझं काय अडतंय त्याच्यावाचून! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दिवाळीनंतर घाटातल्या वळणावर भरलेली जीप कलली ती उलटलीच. त्याच्याच पाड्यावरच्या दिवलीबाईचा नवरा जागच्या जागी गेला. तेव्हापासून पाड्यावरचं एकही माणूस त्याच्या गाडीत बसलं नव्हतं. त्याची बायको रविनासुद्धा बाजाराला पायी यायची.

"मग कोणती बसवायची?"

"गाडी चाकंवर उभी पाहिजे, आन भरेल पाहिजे. रोज जितला माणसं बसतस तितला बसाड, मंग माप लेऊत. नही तं पोती भर."

पोती समोरच्याच दुकानात होती. पण वीरसिंगला माणसंच हवी होती. एकदा बसली, उभ्या गाडीत का होईना, तर पुन्हा बसतील, अशी त्याची वेडी आशा. बाजारचा दिवस होता, पाड्यावरची पंधरा-वीस माणसं चिंचेखाली टेकली होती. त्याने त्यांच्यापुढे हात जोडले.

"गाडी सुरूसुद्धा करत नाही. ही घ्या चावी, तुमच्याजवळच ठेवा."

चावी कोणी घेतली नाही. भर बाजारात वीरसिंगला रडू फुटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

तेव्हा दिवलीबाई उठली. टोपली खाली ठेवून तिने त्याच्या हातातली चावी घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि जीपमध्ये मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली. अपघाताच्या दिवशी त्याच कोपऱ्यात तिचा नवरा बसला होता. मग एकेक करून बाकीचे आले. अकरा माणसांनी गाडी दबली. पितांबर टेप घेऊन खाली सरकला आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडला, "मधली जोडी दे!"

बोल्ट आवळेपर्यंत वीरसिंग दाराला धरून उभा होता. कितीतरी महिन्यांनी त्याच्या गाडीत माणसं बोलत होती.

"काकी," तो म्हणाला, "उतरू नका आता. हळू नेतो, घरापर्यंत सोडतो."

दिवलीबाई उतरली. मागोमाग सगळेच उतरले. तिने पदराची गाठ सोडून चावी त्याच्या हातावर ठेवली.

"मी मापापुरती बसले. उद्या कोणीतरी बसेलच तुझ्या गाडीत. त्याच्या बायकोवर ही पाळी नको."

टोपली डोक्यावर घेऊन ती घाटाच्या रस्त्याला लागली.

वीरसिंग रिकामी जीप घेऊन निघाला. अपघाताच्या त्या वळणावर गाडी तसूभरही कलली नाही. त्याने ती बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. वीतभर लांबीच्या दोन लिंका होत्या. अर्ध्या तासात बसल्या होत्या.