बाराव्या कार्डाची जागा

गुरुवारी थेरपी केंद्रात एका तासात भुंग्याने एकोणीस वेळा पाणी मागितलं, आणि ताईने तितक्याच वेळा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

भुंगा म्हणजे साडेतीन वर्षांचा, ऑटिझम असलेला मुलगा. बोलत नसे, पण दिवसभर एका सुरात गुणगुणायचा, म्हणून घरच्यांनीच हे नाव ठेवलेलं. ताई त्याची थेरपिस्ट. अकरा वर्षं ती हेच काम करत होती आणि आपल्याला यातलं कळतं असं तिला वाटायचं. जरा जास्तच वाटायचं म्हणा.

तिची पद्धत सोपी होती. बारा चित्रांची एक वही. बॉल, फुगा, गाणं, झोका, अशी कार्डं वेल्क्रोने चिकटवलेली. जे हवं त्याचं कार्ड मुलाने ओढून काढायचं, मोठ्यांच्या हातात द्यायचं, की ती गोष्ट लगेच मिळाली. पाण्याचं कार्ड सगळ्यात शेवटी, खालच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात.

केंद्रात भुंगा सराईतासारखा कार्डं द्यायला लागला, तेव्हा सोमवारी ताईने घरासाठी तशीच दुसरी वही बनवून दिली. देताना आईला चार शब्द सुनावलेही.

"रडायच्या आधी तुम्ही त्याच्या हातात खेळणं देता, भूक लागायच्या आधी तोंडात घास. मग तो मागेल कशाला? जेवणखाण वेळेवर द्या, पण बाकी मागितल्याशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही. जरा मन घट्ट करा."

आईने मान खाली घातली. बाबा औषधांच्या दुकानात कामाला. ते म्हणाले, "काळजी करू नका ताई. आमच्याकडून डोस चुकणार नाही."

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे ताई त्यांच्या घरी गेली. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. तिने सांगितलं होतं तशी खेळणी पारदर्शक बरण्यांत, उंच फळीवर. ताई खूश झाली. मग तिला न्हाणीघराच्या दाराला वर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचावर, नवी कोरी कडी दिसली.

"ही कशाला?"

"बादलीला तोंड लावतो हो," आई म्हणाली. "मंगळवारपासून सुरू झालंय."

"बादलीला? का?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा मात्र अभिमानाने म्हणाले, "आम्ही तसूभरही ढळलो नाही. दोन्ही जेवणांना पेलाभर पाणी देतो. मधे मागितल्याशिवाय नाही. ही तर बुधवारी विरघळायलाच आली होती. मी म्हटलं, ताईंनी सांगितलंय ना, मन घट्ट कर."

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. तिने खाली बसून वही ओढली आणि उघडली. अकरा कार्डं. खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, नुसता वेल्क्रोचा काळा तुकडा.

"पाण्याचं कार्ड कुठंय?"

"ते नव्हतंच," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दामच ठेवलं नाही. पाणी त्याने तोंडाने मागावं म्हणून. काल तुमचा निरोप आला ना, एकोणीस वेळा पाणी मागितलं म्हणून, तेव्हा वाटलं, तुमच्याकडे तोंडानेच मागायला लागला, आणि खात्रीच पटली. तुम्हाला यातलं कळतं. आम्हाला काय कळतंय?"

ताईचा हात आपोआप पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. कार्ड तिथेच होतं. रविवारी वही करताना तिला त्याचे कोपरे टोचरे वाटले होते. पोराच्या बोटाला लागू नयेत, घासून गोल करू, म्हणून तिने ते बाजूला काढलं, रात्री गोल केलं आणि पिशवीत टाकलं. पिशवीतून वहीत घालायचं तेवढं राहून गेलं. काल पोर तहानेने व्याकूळ होतं आणि ती स्वतःची पाठ थोपटत होती!

क्षणभर तिच्या मनात नको ते आलंच. आता कार्ड गुपचूप चिकटवावं, "हो, पुढचा टप्पा होता" म्हणावं. यांनी विश्वास ठेवला असता. त्या विचाराची तिला शिसारी आली.

तेवढ्यात आई म्हणाली, "आणि एक वाईट सवय लागलीय बघा त्याला. सारखा माझा हात धरून वहीपाशी ओढत नेतो आणि हा कोपरा खरवडत बसतो. वही फाटेल म्हणून काल मी हातावर चापट दिली."

ताईने वेल्क्रोकडे पुन्हा पाहिलं. नखांनी खरवडून त्याचे केस पार उपटले होते. कोपऱ्यातला पुठ्ठा उघडा पडला होता.

"तो मागत होता," ताई म्हणाली. "चार दिवस तो तुमच्याकडे पाणीच मागत होता. कार्ड तिथे असतं, हे त्याला माहीत होतं. ते माझ्या पिशवीत राहिलं. चूक माझी आहे. तुमची नाही, त्याची नाही."

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. आईची नजर त्या उघड्या पुठ्ठ्यावर खिळली होती.

भुंग्याने मात्र ताईच्या हातातलं कार्ड पाहिलं. गुणगुणणं थांबलं. त्याने ते ओढून घेतलं, ताईला ओलांडून, बाबांना ओलांडून तो आईपुढे जाऊन उभा राहिला. आईने हात पुढे केला.

तो हात पाहून भुंगा एक पाऊल मागे सरकला. त्याने वाकून कार्ड जमिनीवर ठेवलं, दोघांच्या मधे, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो ताईने अकरा वर्षांत कुठल्याही घरात ऐकला नव्हता. "मागितलंस रे राजा, मागितलंस," म्हणत तिने कार्ड उचललं, धावत जाऊन पेला भरून आणला आणि गुडघ्यांवर बसून त्याच्यापुढे धरला.

भुंग्याने पेला हातात घेतला नाही. तिने तो त्याच्या ओठांना लावला. एका दमात तो सगळं पाणी प्यायला, पण हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते.