संत्र्यानं मला खोटं पाडलं

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. म्हणजे रक्तातली साखर मोजायचं यंत्र. तळहातावर मावतो, पण मित्रांनो, शब्दाचा पक्का आहे. आख्ख्या आयुष्यात मी एकदाही चुकीचा आकडा दाखवलेला नाही. एकदा सोडून. आणि त्या एकदाच माझ्या मालकाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून औषधाच्या दुकानात आलो आणि काचेमागे खोकल्याच्या बाटलीला टेकून उभा राहिलो. तिला लोक नेत होते, मला नुसतं बघत होते. शेवटी मला नेलं ते घड्याळकाकांनी.

काका घड्याळं दुरुस्त करतात. खाली दुकान, वर एक खोली. त्यांना शाळेत असल्यापासून टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे त्यांच्या शरीराला इन्सुलिन बनवताच येत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागतं. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. भिंतभर घड्याळं टिकटिकायची, पण विचारल्यावर उत्तर देणारा घरात मी एकटाच. सकाळी बोट टोचून काका म्हणायचे, "बोला महाराज." मी आकडा सांगायचो. आकडा चांगला असला की शाब्बासकी मला, वाईट असला की शिवी मला. आमच्या घरातल्या गप्पा एवढ्याच. त्यानंतर काका एकटे जेवायचे. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर कायम बंद पडलेली घड्याळं बसलेली असायची.

मग समोरच्या खोलीत राहणाऱ्या अक्का, काकांच्या थोरल्या बहीण, व्हीगन झाल्या. दूध, लोणी, अंडी, मांस, मध, सगळ्यावर एका दिवसात फुली. त्या आल्या आणि म्हणाल्या, "बाळ, तूही सोड. साखर पळून जाईल बघ." साठीला आलेल्या बाळाला ठाऊक होतं की साखर अशी पळत नसते. पण अक्का पुढे म्हणाल्या की मग दोघांचा स्वयंपाक एकच होईल, मी इथेच जेवत जाईन. काकांनी तिथल्या तिथे खुर्चीवरची घड्याळं उचलली.

अक्कांचा हिशोब सोपा होता. जे झाडाला येतं ते देवाघरचं, त्यात साखर कुठून येणार? म्हणून फळं ताटभर, आणि चहात ओट्सचं गोड दूध. माझे आकडे जिना चढायला लागले. अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बिघडलंय." मित्रांनो, खरं बोलणाऱ्याला जगात एवढाच मान असतो.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं. व्हीगन खा, खुशाल खा, म्हणाल्या. कडधान्यं, भाज्या, सालासकट धान्य खाल्लं तर साखर सावकाश चढते, काहींना इन्सुलिनही कमी लागतं. पण फळात, धान्यात, कडधान्यातही कर्बोदकं असतात, म्हणजे शेवटी साखरच, ती मोजून त्याप्रमाणे इन्सुलिनचा डोस घ्यायचा. डोस कमी करायचा तो त्यांना विचारून. "आणि इन्सुलिन बंद करायचं नाही. ते झाडाला लागत नाही." अक्कांनी त्याच संध्याकाळी सेलवर चालणारा छोटा वजनकाटा आणला आणि डाळ सोनं तोलावं तशी तोलायला लागल्या. आकडे खाली आले. डोसही थोडा उतरला. अक्कांनी मला स्वतःच्या पदरानं पुसलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो. टेबलावर दोन ताटं, मध्ये मी.

आणि मग ते संत्रं आलं. काकांनी अक्कांसाठी संत्रं सोललं, एकेक फोड सुटी करून दिली, आणि हात न धुता बोट टोचलं. थेंबात रक्त होतं आणि रसही होता. मी बिचारा, समोर येईल ते मोजणारा. मी भलामोठा आकडा दाखवला. काकांनी माझ्यावर विश्वास ठेवून जास्तीचं इन्सुलिन घेतलं.

थोड्या वेळानं त्यांना दरदरून घाम फुटला. हात लटपटायला लागले. साखर पार खाली गेली होती. अशा वेळी काका चमचाभर मध चाटायचे, पण मधमाशांवर अन्याय नको म्हणून अक्कांनी ती बाटली कधीच वाटून टाकली होती. त्यांनी घाईघाईनं काकडी आणली. मग साखरेचा डबा काढला, आणि तो हातात धरून उभ्याच राहिल्या, कारण साखर व्हीगन असते की नाही, हे त्यांना आठवेना.

"अक्का," काका कसेबसे म्हणाले, "आधी मला वाचव. मग माशीला."

अक्कांनी डबाच त्यांच्या तोंडाला लावला. काका सावरले. अक्का मात्र जमिनीवर बसून बराच वेळ रडल्या. त्यांना हाच एक भाऊ.

त्यानंतर काकांच्या दंडावर सेन्सर आला. बोट न टोचता, न विचारता, तो दिवसभर फोनवर आकडे सांगतो. मी गेलो टेबलाच्या खणात, तुटलेल्या पट्ट्यांच्या आणि काटे नसलेल्या घड्याळांच्या सोबतीला. ती वेळ सांगत नाहीत, मला कोणी काही विचारत नाही. वर दोन ताटांचा आवाज येतो, हसणं ऐकू येतं. काकांना आता बोलायला माणूस मिळालंय, हे चांगलंच झालं. मी मनाशी तसं म्हणतो. खणात मनाशीच म्हणावं लागतं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. बोट टोचायच्या आधी हात धुवा. आणि सेन्सर एक सांगतो, शरीर दुसरंच सांगतं, असं झालं तर आम्हा जुन्यांना एकदा विचारा.

परवा अगदी तसंच झालं. फोन म्हणत होता सगळं ठीक आहे, आणि काकांचे हात थरथरत होते. ते वाट बघत बसले नाहीत, आधी साखरेचं पाणी प्याले. मग खण उघडला. मला उजेड दिसला. काकांनी साबणानं हात धुतले, पुसले, माझ्यात रक्त टिपायची पट्टी सरकवली आणि म्हणाले, "बोला महाराज."

मी बोललो नाही. माझा बटणासारखा चपटा सेल त्यांनीच आदल्या दिवशी काढून अक्कांच्या वजनकाट्यात घातला होता, कारण दुकानातले तसले सगळे गिऱ्हाइकांच्या घड्याळांत गेले होते. अक्का धावत जाऊन काटा घेऊन आल्या. काकांनी त्यातला सेल काढून माझ्यात बसवला.

उलटा बसवला.