तारेवरचा दुपारचा पाऊस

मी मोडेम बोलतोय. बोलणं हेच माझं काम होतं. टेलिफोनच्या तारेतून किंचाळायचं आणि पलीकडून कुणी किंचाळलं की ओळख पटवायची. आता माझ्या अंगावर काळा डाग आहे आणि आवाज गेलाय.

१९९९ साली तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या नरसिंहरावांनी आपल्या दुकानात इंटरनेट आणलं. विक्रेत्याने आठवडाभर वापरून पाहायला दोन मोडेम दिले. मी संगणकाच्या पोटात बसणारी स्वस्त हिरवी पट्टी. दुसरा महागडा, टेबलावर ठेवायचा. तारेत खरखर झाली की मी जोडणी सोडून द्यायचो. तो वेग कमी करून धरून ठेवायचा. त्याच्या अंगावर लाल दिव्यांची रांग होती. तार जोडलेली की तुटलेली, लगेच कळायचं. माझं बाहेर काहीच दिसत नसे.

"तोच ठेवून घ्या," नरसिंहरावांची बायको भुवनेश्वरी म्हणाली. संगणकावर तीच बसायची. "तो सांगतो तरी."

"अगो, किंकाळी दोघांची एकच. जास्तीचे पैसे कशास?"

तो परत गेला. मी राहिलो.

ऐप्पसी महिन्याचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस लागला, तारा भिजल्या. एका दुपारी जवळच्या दारासुरमचे रेशीमव्यापारी चंद्रमौली नव्या साडीच्या काठाचं चित्र घेऊन आले. सिंगापूरच्या गिऱ्हाइकाला ते त्याच दिवशी हवं होतं. चित्र अर्धं जायचं आणि मी तुटायचो. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर भर दुपारी अंधारून आलं. देवळाच्या गोपुरावरचे पारवे एकदम उडाले.

"राहूं द्या अक्का," चंद्रमौली म्हणाले. "गडगडतें आहे."

"आणखी एक वेळ पाहातें, अण्णा."

पडद्यावरचं चित्र थिजलं. मी तारेवर आहे की नाही, तिला कळेना. मला सांगता येईना. म्हणून तार ऐकायला तिने बाजूच्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून उजव्या कानाला लावला.

तारेतून लांबून काहीतरी येत होतं. ती खरखर नव्हती.

लख्ख उजेड झाला. मी जळलो. ती खुर्चीसकट कोसळली.

तंजावरच्या डॉक्टरांनी डावा कान शाबूत असल्याचं सांगितलं. उजवा गेला होता. नरसिंहरावांनी तो महागडा मोडेम आणला. चंद्रमौलींचं चित्र गेलं, मागणीही आली. पण त्या साड्यांचं नाव त्यांनी या दुकानात कधी काढलं नाही.

मी आता फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मागणं एकच. आभाळ वाजू लागलं की तार काढून ठेवा, रिसीव्हरला हात लावू नका.

खाली नरसिंहराव अजूनही विसरून उजवीकडून हाक मारतात, "अगो!" ती वळत नाही. मग ते टेबलाला वळसा घालून डावीकडे येतात आणि पुन्हा, हळूच, हाक मारतात.