आमच्या मंडळींचा निकाल लागला

आमच्या पणदऱ्याच्या चौकात ज्याचा कधी फ्लेक्स लागला नाही असा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. बाईमाणूस सापडेल.

माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे हिंदुराव आबांचे, आजवर चौदा फ्लेक्स लागले. वाढदिवसाचे, सोसायटीवर बिनविरोध निवडून आल्याचे, आणि एक तर मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी झाल्याचा. माझा नवरा युवराज दरवर्षी आपल्या वाढदिवसाला फ्लेक्सवर 'भावी' असतो. कशाचा भावी ते अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसतंच 'भावी नेतृत्व' छापतात. गेल्या वर्षी तर आमच्या शर्यतीच्या बैलाचा, बादलचा, वाढदिवस झाला. त्यालाही गॉगल घालून चौकात लावला होता. मी इंदापूरहून या घरात सून म्हणून आले त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत आमच्या भावकीतल्या चार बायका फ्लेक्सवर आल्या, त्या चौघीही मेल्यावर.

म्हणून गेल्या ऑगस्टात माझ्या सासूबाई ठमाबाई, मी त्यांना आई म्हणते, जेवताना म्हणाल्या, "म्या धावीला बसनार हाय. आन पास झाले की चौकात माझा फ्लेक्स लावायचा," तेव्हा आबांचा घास हातातच राहिला.

"बायामानसांचा फ्लेक्स कुठं असतुया?" आबा म्हणाले.

"बैलाचा असतुया," आई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

आईंचं माहेर सांगवी. सातवीत वर्गात पहिल्या आल्या आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. आता वय त्रेपन्न. युवराजने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. फॉर्मला फोटो हवा म्हणून मी त्यांना फोटो काढायला नेलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसू नका, बोर्डाचा फोटो आहे." त्या हसल्या नाहीत. डोक्यावर पदर, ओठ घट्ट, नजर समोर. हा फोटो लक्षात ठेवा, पुढे त्यानेच सगळा घोळ केला.

गौरीच्या जेवणाला आबांची बहीण, इंदापूरच्या रंगूबाई आत्या, आल्या होत्या. साऱ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "वैनी, धावीचा दाखला काय सरणावर न्यायचाय व्हय?" बायका खदाखदा हसल्या. माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो मी खाली ठेवला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.  त्या दिवसापासून रंगू आत्यांचा फोन आला की आई तो माझ्याकडे द्यायला लागल्या.

मग आमच्या घरात अभ्यास सुरू झाला, आणि त्याची झळ पहिल्यांदा आबांना लागली. आबा संध्याकाळी बातम्या बघतात, म्हणजे बातम्या देणाऱ्याच्या वरताण ओरडतात. कुठल्या देशानं कुठल्या देशावर काय टाकलं आणि आपण असतो तर काय टाकलं असतं, हे ते रोज सांगत. एके दिवशी आई भूगोलाचं पुस्तक घेऊनच समोर गेल्या. "आवो, त्यो देश तिकडं न्हाय, हिकडं हाय. मधी समुद्र हाय. तुमचं इमान पान्यात पडंल." तेव्हापासून टीव्हीचा आवाज कमी झाला. आईंनी मालिकाही सोडली. मी विचारलं, नायिका मरायला टेकली आहे, बघायचं नाही का? तर म्हणाल्या, "ती परीक्षेनंतर बी मरंल. तिला काय, आटवड्याला मरायचंच हाय."

पण सगळ्यात जास्त ताप झाला तो उकाराचा. मराठीच्या व्याकरणात त्यांना ऱ्हस्व-दीर्घ सापडलं आणि गावाची शांतता गेली. डेअरीच्या पाटीवर 'दुध' लिहिलंय, ते 'दूध' हवं, हे त्या चेअरमनला सांगून आल्या. लग्नपत्रिका आली की आधी चुका काढायच्या, मग लग्न कुणाचं आहे ते बघायचं. पहिला उकार का दुसरा, यावरून त्यांनी माझ्या किराणाच्या यादीलासुद्धा सोडलं नाही.

मे महिन्यात दुपारी एकला निकाल लागला. वीस मिनिटं साइट उघडेना. मग युवराज ओरडला, "चौसष्ट टक्के! मराठीत एक्क्याऐंशी!"

"परत वाच," आई म्हणाल्या. त्याने परत वाचलं. "इंग्रजी?" "एकेचाळीस, पास." त्या पदराने तोंड झाकून भिंतीला टेकल्या. मी त्यांना मिठी मारली, आणि आम्ही दोघी रडलो ते हसतच.

आबा खाटेवर बसले होते. ते उठले, टोपी घातली आणि एक शब्द न बोलता उसाकडे निघून गेले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! बैलाला गॉगल घालणाऱ्या माणसाला बायकोसाठी 'बरं झालं' एवढंही म्हणता येऊ नये? आई म्हणाल्या, "जाऊं दे. मला काय फ्लेक्सची हौस न्हाय." मग त्यांनी घासलेली भांडी परत घासायला घेतली, आणि तीन वेळा रस्त्याकडे बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आबा पाण्याच्या पाळीला गेले होते, युवराज डेअरीवर गेला होता आणि आई परसातल्या न्हाणीत होत्या. दारात भावकीतल्या राजलक्ष्मी काकू उभ्या. हातात फडक्याने झाकलेलं पातेलं. मला बघताच त्यांनी गळ्यात पडून हुंदका दिला.

"कसं गं झालं, रेश्मा?"

मला वाटलं, बातमी पोचली, काकूंना आनंदाचं रडू आलंय. मी अभिमानाने सांगितलं, "चौसष्ट टक्के."

काकूंनी छातीवर हात मारला. "आगं बया! भाजल्या व्हय!"

मी काही बोलणार तेवढ्यात दुसरी काकू आली, तिच्या हातात पिठलं-भाकरी. मग तिसरी, तिच्याही हातात पिठलं-भाकरी. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते, हे मला ठाऊक होतं. पण मेलं कोण? सातच्या आत ओट्यावर नऊ पातेली पिठलं जमलं आणि बाहेर कडुलिंबाखाली पुरुषमंडळी माना खाली घालून बसली. मी ज्याला त्याला विचारत होते आणि जो तो माझ्याकडे बघून डोळे पुसत होता.

एवढ्यात युवराज घामाघूम होऊन आला. "रेश्मा, चौकात आईचा फ्लेक्स लागलाय."

"लागला?" मी उडीच मारली. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"आधी वाच," म्हणून त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मधोमध तोच बोर्डाचा फोटो, डोक्यावर पदर, ओठ घट्ट. भोवती हार. वर मोठ्या अक्षरांत 'भावपुर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. ठमाबाई हिंदुराव कोकरे. दुःखद निधन : दु. १ वा.' आणि त्याखाली 'शोकाकुल : समस्त कोकरे परिवार व भावी नेतृत्व युवराजदादा'.

मी 'अहो, आई जिवंत आहेत' असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते कुणाला ऐकू जाणार? फ्लेक्सचा फोटो पहाटेच मोबाइलवरून इंदापूरपर्यंत पोचला होता. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली होती आणि इंदापूरच्या रंगू आत्या तिथपासूनच हेल काढत येत होत्या.

"माजी गं हुश्शार वैनीऽ! धावीला बसली हुती गंऽ! म्या मेलीनं तुला सरनाचं बोलले गंऽ! खानदानात तुज्यावानी डोकं कुनाला न्हवतं गंऽ! दाखला हातात न घेताच गेली गंऽ!"

परसातलं दार वाजलं. आई न्हाणीतून आल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. रडणं जागच्या जागी थांबलं. राजलक्ष्मी काकूंच्या हातातलं झाकण खाली पडून गरगर फिरत राहिलं. रंगू आत्यांनी वर बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की गोठ्यातल्या बादलने दावं ताणलं.

आईंनी सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "वन्सं, मगाशी काय म्हनत हुता? पयल्यापासनं म्हना."

"हु... हुश्शार वैनी..."

"मोट्यानं. भाईर गडीमानसं बसल्यात, त्यांना बी जाऊं द्या ऐकू."

रंगू आत्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि मग धावत जाऊन आईंना अशा बिलगल्या की पंचाच सुटला. मग सगळ्याच बायका हसत-रडत आईंच्या अंगाला हात लावून बघायला लागल्या. युवराजने फोटो दाखवला. आईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, पायात चपला घातल्या आणि चौकाकडे निघाल्या. त्यांच्या मागे अख्खं मयत निघालं.

चौकात फ्लेक्सखाली बारामतीचा फ्लेक्सवाला अविराज उभा होता. बिचारा स्वतः हार घेऊन आला होता. आईंना बघून त्याने हार पाठीमागे लपवला. आई फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. आता या रडतात का फाडतात, म्हणून सगळे माना उंचावून बघत होते.

"अविराज," आई म्हणाल्या, "'भावपूर्ण'मदल्या 'पू'ला पयला उकार दिलायस. दुसरा पायजे."

"काकी, माझी चूक न्हाय ओ," अविराजने कान धरले. "आबांनीच निरोप धाडला. ऐका तुमीच." त्याने मोबाइल वर धरला आणि आबांचा आवाज सगळ्या चौकात ऐकू आला. आवाज कसला, गळा दाटून आलेला, मधेच नाक ओढलेलं.

"अविराज... आमच्या मंडळींचा... निकाल लागला रं. आत्ता, एक वाजता. फोटू धाडलाय... मोट्टा फ्लेक्स कर. माज्यापेक्षा मोट्टा. चौकात सगळ्यांना दिसला पायजे." पुढे नुसता हुंदका, आणि पाठीमागे उसाची सळसळ.

"आता असा आवाज, असा फोटू," अविराज म्हणाला, "आन म्हनत्यात मंडळींचा निकाल लागला. म्या काय समजायचं? अशा येळंला उलटून इचारता येतंय का?"

कुणी हसलं नाही. मला तर कालच्या माझ्या संतापाची लाज वाटली. म्हणजे हा माणूस उसात जाऊन रडत बसला होता!

तेवढ्यात आबाच आले, खांद्यावर खोरं, पाय चिखलाने भरलेले. चष्मा घरीच होता, त्यामुळे फ्लेक्सवर त्यांना फक्त बायकोचा फोटो आणि हार दिसत होता. गर्दी बघून ते खुलले. "काय मंडळी, कसा काय वाटला फ्लेक्स? झोकात झालाय का न्हाय?"

मग मात्र चौक फुटला. लोक पोट धरून खाली बसले. युवराजने आबांच्या कानात मजकूर सांगितला तसे आबा पांढरेफटक पडले आणि बायकोचा हात धरून उभे राहिले. भर चौकात! सोळा वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं.

"रडला व्हय उसात जाऊन?" आईंनी हळूच विचारलं.

"पाचाट गेलं हुतं डोळ्यात," आबा म्हणाले.

अविराज फ्लेक्स सोडायला लागला तर आईंनी त्याला थांबवलं. "ऱ्हाऊं दे. युवराज, बादलच्या शिंगाचा रंग आन."

रंगाचा डबा आणि ब्रश आला. फ्लेक्सखाली ट्रॅक्टरची ट्रॉली लावली. त्रेपन्न वर्षांच्या माझ्या सासूबाई पदर खोचून ट्रॉलीवर चढल्या. पहिल्यांदा त्यांनी 'पु' खोडून 'पू' केला. "काकी, ती ओळच काढायचीय ना?" अविराजने खालून विचारलं. "काढायचीच हाय. पन चुकीचं खोडू न्हाई, आदी बरुबर करावं," आई म्हणाल्या. मग ती ओळ आडवी खोडून वर लाल रंगात लिहिलं : 'हार्दिक अभिनंदन'. 'कै.' खोडलं. 'दुःखद निधन'वर लिहिलं : 'दहावी उत्तीर्ण, ६४ टक्के'. 'शोकाकुल' हा शब्द त्यांनी थोडा वेळ बघितला आणि 'शोका' खोडून 'आनंदा' केलं.

"असा शबुद हाय का?" आबांनी खालून विचारलं.

"आता हाय," आई म्हणाल्या.

टाळ्या अशा वाजल्या की चौकातल्या दुकानांची अर्धी मिटलेली शटरं वर गेली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. माझी सासू, माझी सासू, एवढंच मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते.

घरी येऊन नऊ पातेल्यांतलं पिठलं सगळ्यांनी मिळून खाल्लं. एकाही घरचं उरलं नाही. आबांनी अंगणात सगळ्यांना स्वतः वाढलं, आणि आईंना भाकरी वाढताना विचारलं, "आजूक एक?"

पंगत उठली तरी रंगू आत्या चुळबुळत बसून होत्या. शेवटी बायका पांगल्यावर त्या आईंजवळ सरकल्या.

"वैनी," त्या खाली बघत म्हणाल्या, "त्यो सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतुया?"

मी कान टवकारले. सरणाचं बोलणं परत करायची याहून चांगली वेळ आईंना मिळणार नव्हती.  पण आईंनी आत्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मिळतुया की. रेश्मा आनून देईल," आई म्हणाल्या. "पन वन्सं, फोटू मातूर हसरा काडा."