मापासाठी धरलेला पास

पुण्यातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांचा आमचा एक ई-मेल ग्रुप आहे. त्यावर येणारी प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येते. मी सोडली तरच इतरांना दिसते. ग्रुप बंद आहे. इंजिनिअर नसलेल्याला प्रवेश नाही आणि आतलं बाहेर न्यायचं नाही. तो सगळ्यांना खुला करावा म्हणून काही तरुण मंडळींनी महिनाभर डोकं खाल्लं होतं आणि रविवारी त्यावर मतदान होतं. बंदच्या बाजूने सगळ्यात जास्त भांडणारी मीच. 'उघड्या ग्रुपवर माणूस प्रश्न विचारत नाही, हुशारी दाखवतो,' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

शुक्रवारी सकाळी पियुषची मेल आली. एका कन्सल्टंटकडे नोकरीला लागलेला, सरळ मुलगा.

'ग्रुप बंद आहे म्हणूनच विचारतोय,' त्याने लिहिलं होतं. 'सात मजली इमारत आहे. पार्किंगमधला एक कॉलम उभा तडकलाय, सळ्या बाहेर फुगल्यात. आमचे सर म्हणतात, आजच प्लास्टर मारून टाका, बिल्डर नाराज होईल असं काही बोलू नका. मला भीती वाटतेय. काय करू?'

सोबत फोटो होता. भेगेचा फोटो काढताना मापाचा अंदाज यावा म्हणून आम्ही शेजारी काहीतरी धरतो. नाणं, पेन, किल्ली, जे हाताशी असेल ते. पियुषच्या हाताशी गेटवर मिळालेला व्हिजिटर पास होता. मेलमध्ये इमारतीचं नाव त्याने कटाक्षाने टाळलं होतं. पासवर ते ठळक छापलेलं होतं, आणि त्याखाली पेनने त्याचं स्वतःचं नाव.

सोसायटी वाघोलीतली होती. माझी धाकटी बहीण शेफाली तिथे दुसऱ्या मजल्यावर राहते.

मेल तशीच अडवून ठेवली आणि तिला फोन लावला.

"पोरीला घे आणि आत्ता घराबाहेर पड. का ते विचारू नकोस."

"का ते न विचारता मी लग्नसुद्धा केलं नाही, ताई."

"शेफाली, इमारत धोक्यात आहे. कसं कळलं ते मला सांगता येत नाही."

"समोरच्या आम्रपालीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांच्या दारावरून मी बॅग घेऊन निघू? तू ये आणि सगळ्यांना सांग. पोरीला पाठवते मैत्रिणीकडे. मी इथेच थांबते."

तिचा हट्ट मला लहानपणापासून माहीत आहे. मी गाडी काढली. वाटेत मनाशी पक्कं ठरवलं: पार्किंगमध्ये जायचं, भेग स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि स्वतःच्या नावावर आरडाओरडा करायचा. पियुषचं नाव कुठेच येणार नाही.

पोचले तेव्हा कॉलमवर ताजं प्लास्टर होतं. ओलं, गुळगुळीत. भेगेचा मागमूस नव्हता.

सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथराव मूळचे वाघोलीचेच. त्यांनी कॉलमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं हाय भेग?"

"प्लास्टरच्या खाली. फोडा ते."

"आत्ताच मारलंय. तुम्ही पाव्हण्या म्हणून आला, चहा घ्या. तुमच्या शब्दावर सात मजले खाली उतरवू का मी?"

मी बाजूला जाऊन पियुषला फोन केला. "तुझा फोटो दाखवावा लागेल. त्यात तुझं नाव आहे."

"मॅडम, नका. मी आमच्या ऑफिसमधल्या कुणाला तरी हे सांगायला तयार करतो, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नोकरी जाईल माझी."

"संध्याकाळपर्यंत तो कॉलम थांबेल, असं लिहून देतोस?"

तो हळूच म्हणाला, "तिथे तुमचं कुणी राहतं का?"

"बहीण."

"तरीच." आणि त्याने फोन ठेवला.

मला राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा. साईनाथरावांना बाहेर आवारात बोलावून मी फोटो उघडला, मोठा केला, पास कडेला जाईल असा बोटाने सरकवला. फक्त भेग दिसत होती.

"ह्यो कुठला बी कॉलम असंल," ते म्हणाले.

वर दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याशी शेफाली उभी होती. मी फोटो परत सरकवला. त्यांनी पास वाचला, सोसायटीचं नाव, पियुषचं नाव, आणि त्यांचा चेहराच उतरला. स्वतःचा मोबाईल काढून त्यांनी माझ्या स्क्रीनचा फोटो घेतला. मी अडवलं नाही.

मग छिन्नी आली. पहिल्याच घावात प्लास्टरचा पोपडा पडला आणि वाकलेल्या सळ्या दिसल्या. दुपारपर्यंत इमारत रिकामी झाली. आम्रपालीच्या सासूबाईंना चौघांनी खुर्चीसकट खाली आणलं. तुळयांखाली लोखंडी टेकू लागले. शेफाली माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही रडले.

फोटो मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲपवरून बिल्डरकडे आणि तिथून पियुषच्या सरांकडे पोचला. शनिवारी त्याला कामावर येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. मी सरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

रविवारी मतदान झालं. 'बंद'ची बाजू मोठ्या फरकाने जिंकली. फोटो माझ्याकडून बाहेर गेल्याचं पुढे कानोकानी झालं. त्यानंतर ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, एका सेमिनारचं निमंत्रण आलं. प्रश्न एकही आला नाही.

परवा पियुषचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं. नवी नोकरी लागली होती, लोणी काळभोरकडची साइट होती.

"इथेही एक गोष्ट मला पटत नाहीये, मॅडम. कुठे विचारू?"

"मला विचार," मी म्हणाले.

"तुम्हाला?" तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.